पंचावन्न टक्क्यांची वेस आणि आपली लेकरं

हिंगोली जिल्ह्याची ओळख सांगायची तर आज दोन नावं आधी येतात. एक हळद, दुसरा लायगो. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हळदीच्या संशोधनासाठी हरिद्रा संशोधन केंद्रही वसमतलाच दिले गेले. तिकडे औंढा नागनाथ तालुक्यात गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया प्रकल्पाला केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये २ हजार ६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. एकमेकींना काटकोनात असलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, असे हे यंत्र. अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथे अशी यंत्रे आहेत आणि त्यांनीच सप्टेंबर २०१५ मध्ये ही लहर जगात पहिल्यांदा पकडली.

पारावर याची चर्चा होते ती जमिनीची, रस्त्याची आणि चौकीदाराच्या नोकरीची. पण या दोन्ही ठिकाणी संशोधक म्हणून आपल्या जिल्ह्यातलं एखादं लेकरू बसेल काय, हे कोणी विचारत नाही. तिथं बसायचं तर बहुतेक वेळा पीएच.डी. लागते. आणि पीएच.डी.ला प्रवेश मिळवायला आधी काय लागतं, हेच आपल्याकडे धड कोणाला ठाऊक नसतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

म्हणून आधी नियम काय तो पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये पीएच.डी.चे नवे विनियम काढले. त्यानुसार तीन वर्षांची पदवी आणि त्यावर दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी हा नेहमीचा रस्ता. पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण किंवा त्याच्या बरोबरीची श्रेणी पाहिजे. अनुसूचित जाती, जमाती, नॉन-क्रिमिलेअर इतर मागासवर्गीय, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना यात ५ टक्क्यांची सूट आहे. चार वर्षांची पदवी घेणाऱ्याला एम.ए., एम.एस्सी. न करताही थेट पीएच.डी.ला जाता येते, पण त्याला पदवीला ७५ टक्के लागतात. तिथेही सूट ५ टक्क्यांचीच. एम.फिल. नावाची पायरी या विनियमांनी बंद केली.

पात्रता झाली म्हणजे प्रवेश झाला असे नाही. पुढे नेट, गेटसारखी परीक्षा किंवा विद्यापीठाची स्वतःची प्रवेश परीक्षा आहे. विद्यापीठाच्या परीक्षेत अर्धे प्रश्न संशोधन पद्धतीवर आणि अर्धे विषयावर. गुणवत्ता यादीत लेखी परीक्षेला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन. आयोगाने मार्च २०२४ मध्ये नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठी वापरण्याचा निर्णय घेतला. त्यात ज्याला फेलोशिप मिळत नाही, त्याचे गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. वर्ष हुकले की पुन्हा परीक्षा.

आता यात घोडं कुठं अडतं? पहिली अडचण त्या ५५ च्या वेशीवरच. आपल्याकडची मुलं एम.ए. करतात ती शेतातलं काम सांभाळून. हळदीची काढणी आणि शिजवणी ऐन उन्हाळ्याच्या तोंडाशी येते, परीक्षेचे दिवसही तेच. कोणाचे आई-बाप ऊसतोडीला गेलेले असतात आणि मागे घर, गुरं, धाकटी भावंडं याच्याच गळ्यात. असा विद्यार्थी ५२ किंवा ५४ टक्क्यांवर थांबतो आणि पास झालो म्हणून पेढे वाटतो. त्याला कोणीच सांगत नाही की, बाबा, या दोन टक्क्यांनी तुझी पीएच.डी. गेली, नेट गेली आणि प्राध्यापकीही गेली. हे कळते चार-पाच वर्षांनी, अर्ज भरायला बसल्यावर! तेव्हा वेळ निघून गेलेली असते.

दुसऱ्या बाजूने एक गैरसमजही आहे. बी.ए.ला, बी.एस्सी.ला कमी गुण पडले म्हणून पुष्कळ मुलं पीएच.डी.चा नाद सोडतात. नेहमीच्या रस्त्यात आयोगाची ५५ टक्क्यांची अट पदव्युत्तर पदवीला आहे. पदवीला घसरलेला गडी पदव्युत्तरला सावरला तर दार उघडे असते. ही एवढी साधी गोष्ट वर्गात पाच मिनिटांत सांगता येते.

गुणवत्तेची अटच नको, असे आमचे म्हणणे नाही. पीएच.डी. म्हणजे काही सातबाराचा उतारा नाही की, अर्ज केला आणि मिळाला. मार्गदर्शकाचा वेळ मोजका असतो. प्राध्यापकाकडे एका वेळी जास्तीत जास्त आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार संशोधक, एवढीच मर्यादा आहे. जागा थोड्या आणि मागणारे फार, तिथे चाळण लागणारच. पण चाळणीची भोकं सगळ्यांना सारखी आहेत काय, हे पाहायला नको?

भाषेचंच घ्या. नेटची प्रश्नपत्रिका भाषा विषय सोडले तर इंग्रजी आणि हिंदीत निघते. बिहारचा, मध्य प्रदेशचा मुलगा इतिहासाचा पेपर त्याच्या शिकण्याच्या भाषेत सोडवतो. सेनगावचा, कळमनुरीचा मुलगा तोच इतिहास पाच वर्षे मराठीत शिकला आणि परीक्षेला परक्या भाषेत प्रश्न वाचत बसला. त्याला विषय येतो, पण प्रश्न समजायलाच अर्धा वेळ जातो. मुलाखतीतही तेच. मग लोक म्हणतात, ग्रामीण पोरं कमी पडतात!

तिसरी अडचण आत्ता दिसत नाही, पण येऊ घातली आहे. संलग्न महाविद्यालयांत नवे शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून आले. म्हणजे पदवीच्या चौथ्या वर्षाचे विद्यार्थी २०२७-२८ मध्ये दिसतील. संशोधनासह चौथे वर्ष शिकवायला ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि पीएच.डी.चे मार्गदर्शक असलेले कायम प्राध्यापक पाहिजेत. तालुक्याच्या कॉलेजांत कायम जागा रिकाम्या आणि तासिका तत्त्वावर गाडा ओढणं चाललेलं. मग ७५ टक्क्यांचा हा जवळचा रस्ता कोणासाठी? पुण्या-मुंबईच्या मुलांसाठी. आपल्या मुलांनी लांबचाच रस्ता धरायचा, आणि तोही अर्धवट माहितीवर.

मुलींचा विचार तर वेगळाच करावा लागतो. एम.ए. झाली की लग्न, हा आपला रिवाज. विनियमांत महिलांना पीएच.डी. पूर्ण करायला दोन वर्षांची जादा सवलत आहे आणि २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा आहे. पीएच.डी.ला प्रवेशासाठी वयाची अटही नाही. नोकरी करणाऱ्याला वरिष्ठांचे ना हरकत प्रमाणपत्र घेऊन अर्धवेळ पीएच.डी. करता येते. पण सासर-माहेर दोन्हीकडे हे माहीत असेल तेव्हा ना!

आणि एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. पीएच.डी. झाली म्हणजे प्राध्यापकाची नोकरी पक्की, या भरवशावर कोणी दोन एकर रान विकू नये. सहायक प्राध्यापकासाठी पीएच.डी. सक्तीची नाही, नेट किंवा सेट ही किमान पात्रता, असे आयोगाने २०२३ मध्येच ठरवले आहे. ज्याला प्रश्नामागे लागण्याची आवड आहे, हळदीवर करपा का पडतो, विहिरी जानेवारीतच का आटतात, याचा छडा लावायचा आहे, त्यानेच या वाटेला जावे. अशांसाठी फेलोशिपही आहेत. केंद्राची जेआरएफ १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार रुपये आहे, मात्र तिला वयाची अट ३० वर्षे, राखीव गट आणि महिलांना पाच वर्षांची सूट. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था आहेत.

आमचे मागणे फार मोठे नाही. एम.ए., एम.एस्सी.च्या पहिल्याच सत्रात प्रत्येक महाविद्यालयाने मुलांना ५५ टक्क्यांची गोष्ट सांगावी आणि ती सूचना फलकावर कायम लावून ठेवावी. ज्यांचे दोन-चार टक्के कमी पडतात, त्यांना श्रेणी सुधारण्याची संधी कशी आणि कधी मिळते, हे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने सोप्या मराठीत छापून द्यावे. नेटचा पेपर मराठीतही निघावा, यासाठी आपल्या खासदारांनी दिल्लीत तोंड उघडावे. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत कायम प्राध्यापकांच्या जागा भराव्यात आणि संशोधन केंद्रे वाढवावीत. मार्गदर्शकच नसेल तर पात्रता घेऊन पोरांनी काय चाटायची?

एक काम मात्र पालकांचे आहे. पोरगं एम.ए.ला गेलं की, ‘पास झालास ना, बस्स’ एवढ्यावर समाधान मानू नका. किती टक्के पडले, हे विचारा. हळद बाजारात नेली की एकेका क्विंटलचा भाव आपण खोदून खोदून विचारतो. मग लेकराच्या दोन टक्क्यांचा हिशेब का नाही विचारायचा?