सुई, आम्ही आणि अम्मीचा हज

वाचकहो, आधी कबुली. आम्हाला सुईची भीती वाटते. वर्गातल्या चाळीस पोरांना नुसत्या नजरेने गप्प बसवणारे आम्ही, पण इंजेक्शन दिसलं की हातापायांतलं बळ जातं. लहानपणी कळमनुरी तालुक्यातल्या आमच्या गावी कंपाउंडरचाचा यायचे. त्यांची काचेची सिरिंज स्टीलच्या डबीत उकळायची आणि तीच सुई साऱ्या गल्लीला. डबीतली खडखड ऐकू आली की आम्ही कणगीमागे लपायचो. मरहूम अब्बा पाय धरून ओढून काढायचे.

कोरोनाचे दोन डोस नोकरीपोटी घेतले. दुसऱ्या वेळी खुर्चीवरून उठलो आणि सरळ जमिनीवर. शुद्धीवर आलो तेव्हा आमच्याच शाळेचे शिपाई वहीने वारा घालत होते.

त्याआधीची गोष्ट तर आणखी लाजिरवाणी. २७ नोव्हेंबर २०१८ ला राज्यात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली. ९ महिन्यांपासून १५ वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना लस द्यायची होती. व्हॉट्सअ‍ॅपवर नाही नाही त्या अफवा फिरत होत्या. आम्ही घरोघर जाऊन पालकांना उर्दूत समजावलं, मराठीत समजावलं. पोरांना सांगितलं, मुंगी चावल्यासारखं वाटतं फक्त. आणि टोचायला सुरुवात झाली तेव्हा हजेरीपट तपासायचं निमित्त करून ऑफिसात बसलो. तिसरीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, तुम्ही का नाही घेत?" ही लस लहान मुलांची आहे, असं खरंच उत्तर दिलं. पण सुटल्याचा आनंद तिने आमच्या तोंडावर वाचला असावा.

यंदा अम्मीचा हजचा नंबर लागला. वय ७१, जुना दमा, म्हणून सोबतीला आम्ही. हिंगोलीला शिबिरात गेलो. मेंदूज्वराची लस प्रत्येक हाजीला सक्तीची, तीही निघण्याच्या किमान १० दिवस आधी. ही सक्ती उगीच नाही. १९८७ च्या हजमध्ये मेंदूज्वराची मोठी साथ आली. पुढे २००० आणि २००१ मध्ये वेगळ्याच जातीच्या जंतूने हाजींना गाठलं आणि ते घरी परतल्यावर देशोदेशी रुग्ण सापडले. तेव्हापासून चार जातींच्या जंतूंवर चालणारी लस मागतात. शिवाय पोलिओचे थेंब. पदर सावरून अम्मीने बाळासारखं तोंड उघडलं, तेव्हा रांगेतल्या सगळ्या खाला हसल्या.

मेंदूज्वराची सुई आम्ही दोघांनी घेतली. आम्ही भिंतीला टेकून, डोळे मिटून. पडलो नाही इतकंच. पासष्टच्या पुढच्यांना फ्लूचीही लस होती. तिथे अम्मी अडली.

"सर्दी को सुई कायकू? काढा बस है."

आम्ही समजावू लागलो. फ्लू म्हणजे साधी सर्दी नव्हे. दम्याच्या म्हाताऱ्या माणसाला त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. मीनाच्या तंबूंत लाखो माणसं खेटून राहतात. हजहून येणारा माणूस खोकत येतो हे आपल्या गल्लीला पाठ आहे. प्रत्येक खोकला फ्लूचा नसतो, लसीने प्रत्येक खोकला थांबतही नाही, पण फ्लू झालाच तर तो जिवावर बेतण्याचा धोका कमी होतो. इंजेक्शनच्या या लसीत विषाणू मारलेला असतो, त्यामुळे तिच्यामुळे फ्लू होत नाही. ती चालते का, असं मशिदीत एका बुजुर्गांनी विचारलं होतं. आम्ही म्हणालो, चाचा, मक्का-मदिना ज्या देशात आहे, तिथलं सरकारच हाजींना लस घेऊन या म्हणतं.

अम्मीने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "पहले तू ले."

आमचं वय पासष्टच्या आत, त्यामुळे शिबिरात आमच्यासाठी ही लस नव्हती. सुटका होती! पण डॉक्टर म्हणाले, दम्याच्या माणसासोबत एकाच खोलीत राहणार, तर तुम्हीही बाहेरून घेतलेली बरी. अंगात ताकद यायला दोन आठवडे लागतात, उशीर करू नका.

त्या रात्री झोप आली नाही. मुंबईची १८९७ ची गोष्ट आठवत राहिली. प्लेगची साथ होती. हाफकिन यांनी भायखळ्याला लस तयार केली आणि १० जानेवारीला आधी स्वतःला टोचून घेतली. लोक तरी घाबरतच होते. तेव्हा विशीही न गाठलेले आगाखान, सुलतान मोहम्मद शाह, पुढे आले. त्यांनी चारचौघांसमोर लस घेतली आणि ही बातमी आपल्या लोकांत पसरेल असं पाहिलं. हाफकिनना प्रयोगशाळेसाठी आपला बंगलाही दिला. भाषण करायला त्यांनाही आलं असतंच की.

दुसऱ्या दिवशी अम्मीला घेऊन ओळखीच्या दवाखान्यात गेलो. या वेळी लाज सोडून सिस्टरला आधीच सांगितलं, आम्ही पडतो. ती हसली नाही. म्हणाली, पुष्कळजण पडतात; अशांचा रक्तदाब एकदम उतरतो, डोक्याला रक्त कमी पडतं. तिने आडवं झोपवलं. दोन्ही पाय, पोट आणि दुसऱ्या हाताची मूठ दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळा, चेहऱ्यावर गरमी जाणवली की सोडा, थोडं थांबून पुन्हा आवळा, असं पाचेक वेळा करायला लावलं. त्याने रक्तदाब टिकतो. सुईचा दंड मात्र ढिला ठेवायचा. आम्ही आजवर उलटच करत आलो होतो, लांब श्वास घेऊन अंग सैल सोडायचो आणि पडायचो.

बिस्मिल्लाह म्हटलं, पाय आवळले, पंख्याकडे बघितलं. सिस्टर कापूस दाबत म्हणाली, "झालं, सर." पंधरा मिनिटं तसेच पडून राहिलो. अल्हम्दुलिल्लाह, शुद्ध गेली नाही. दंड दोन दिवस ठणकला, खडू वर धरताना कळायचं.

दोन दिवसांनी अम्मीने शिबिरात बाही वर केली. चेहऱ्यावर आठीसुद्धा नाही. परत येताना रिक्षात सांगितलं, हा विषाणू रूप बदलतो, म्हणून लसही दरवर्षी नव्याने ठरवतात. पुढच्या वर्षी परत घ्यावी लागेल.

"मेरेकू चलता," अम्मी म्हणाली. "तू तेरा देख."