जसे गुण तसा खेळ

‘व्हिडिओ गेम’ हा शब्द उच्चारला की वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी उमटते आणि आपण विद्यार्थी हातातला मोबाईल हळूच खिशात सारतो. या खेळांपायी वेळ जातो, डोळे बिघडतात, अभ्यास बुडतो, हे सारे आक्षेप मला मान्य आहेत. पण ज्या खेळात आपले निम्मे वसतिगृह रात्री रमलेले असते, त्या खेळात नेमके चालते तरी काय, हे तपासून पाहायला काय हरकत आहे? कबड्डीवर आपण लिहितो, बुद्धिबळावर लिहितो. मग यावरच का लिहू नये? माझे म्हणणे थोडक्यात असे : खेळाचा स्वभाव त्यातल्या हाणामारीवरून ठरत नाही, गुण कशाला मिळतात यावरून ठरतो.

उदाहरणादाखल ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ हा जपानी खेळ घेऊ. मासाहिरो साकुराई यांच्या दिग्दर्शनाखाली तो 1999 साली निन्टेन्डो 64 या यंत्रासाठी निघाला. अधांतरी तरंगणारे चौथरे आणि त्यांवर एकाच वेळी लढणारे चार गडी, असे त्याचे स्वरूप. इतर लढाईच्या खेळांत मार खाल्ला की शक्ती कमी कमी होत संपते. येथे उलटे आहे. मार खाल्ला की अंगावरचे टक्के वाढतात आणि टक्के जितके जास्त, तितका पुढच्या फटक्याला गडी लांब उडतो. उडत उडत पडद्याच्या हद्दीबाहेर गेला की तो पडला.

आता हा पडल्याचा हिशेब दोन तऱ्हांनी ठेवता येतो. पहिला वेळेचा नियम : ठरलेली मिनिटे खेळायचे, पडलात तरी पुन्हा मैदानात यायचे, दुसऱ्याला पाडल्यास एक गुण मिळतो, स्वतः पडल्यास एक जातो. दुसरा जिवांचा नियम : प्रत्येकाला मोजके जीव मिळतात, ते संपले की तो बाद, आणि शेवटपर्यंत जो उरेल तो विजयी. चौथरे तेच, गडी तेच, फटकेही तेच. पण नियम बदलला की तोच खेळाडू वेगळा माणूस होतो!

वेळेच्या नियमात पाडल्याचे श्रेय शेवटचा फटका ज्याचा, त्याला मिळते. एकाने घाम गाळून समोरच्याचे टक्के शंभरावर न्यावेत आणि तिसऱ्याने मागून येऊन एक फटका मारून गुण न्यावा, हे नित्याचेच. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण जणू या खेळासाठीच झाली असावी. शिवाय आघाडीवरचा गडी शेवटच्या अर्ध्या मिनिटात लढणे सोडून पळत सुटतो, तेही याच नियमामुळे.

जिवांच्या नियमात दोष निराळा आहे. येथे दुसऱ्याला पाडल्याबद्दल काहीच मिळत नाही. मोल आहे ते फक्त उरण्याला. साहजिकच दोघे भिडले की उरलेले दोघे लांबच्या चौथऱ्यावर जाऊन तमाशा पाहतात. जो पहिल्यांदा धाडस करतो तोच पहिल्यांदा बाद होतो, आणि मग बाकीच्यांचा खेळ संपेपर्यंत हात बांधून बसतो. विशेष म्हणजे ज्याला सरावाची सर्वांत अधिक गरज, त्या नवशिक्याच्याच वाट्याला हे बसणे सर्वांत जास्त येते.

आपल्या मातीतल्या खेळाला हा वाद नवा नाही. कबड्डीचे जुने तीन प्रकार क्रीडाशिक्षकांना ठाऊक असतील. ‘अमर’मध्ये गडी बाद झाला तरी मैदानातच राहतो, प्रतिपक्षाला फक्त गुण मिळतो : हा झाला वेळेचा नियम. ‘गामिनी’मध्ये बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसतो : हा झाला जिवांचा नियम. आणि ‘संजीवनी’मध्ये प्रतिपक्षाचा एक गडी बाद केला की आपला एक उठतो. आजची कबड्डी उभी आहे ती या संजीवनीवर. सोबत्याच्या पराक्रमाने बाद गडी पुन्हा उठतो, ही कल्पना मला कोणत्याही यंत्रावरच्या खेळापेक्षा अधिक उदात्त वाटते.

आता थोडे गणित. समजा, एका गड्याने पाच जणांना पाडले आणि तो स्वतः पाच वेळा पडला. दुसरा कोपऱ्यात राहिला. त्याने कोणाला पाडले नाही की तो पडला नाही. ‘स्मॅश’च्या एकास एक हिशेबाने दोघांचेही गुण शून्य! लढणारा आणि लपणारा एकाच पंक्तीत बसले. 2017 साली निघालेला आणि 2020 पासून मोबाईलवर फुकट मिळणारा ‘ब्रॉलहल्ला’ हा याच जातीचा खेळ. त्यात चौघे आपापल्यासाठी लढतात तेव्हा पाडल्याबद्दल दोन गुण मिळतात आणि पडल्याबद्दल एक जातो. या हिशेबाने पहिल्या गड्याला पाच गुण आणि दुसऱ्याला शून्य. एका अंकाचा फरक. पण त्याने कोपऱ्यातला माणूस उठून मैदानात येतो.

कोणी म्हणेल, खऱ्या स्पर्धा तर जिवांच्याच नियमाने होतात. खरे आहे. 2001 च्या ‘मेली’ या आवृत्तीच्या स्पर्धांत दोन खेळाडू, चार जीव आणि आठ मिनिटे अशी रीत आहे. दोघांतच लढत असेल तेव्हा एकाचे पडणे हेच दुसऱ्याचे पाडणे असते. म्हणून तेथे हा नियम न्याय्य ठरतो. तरी तेथेही पळवाट निघालीच. 2008 च्या ‘ब्रॉल’मध्ये मेटा नाइट हे पात्र घेणारे काही खेळाडू चौथऱ्याची कड पुन्हा पुन्हा धरून वेळ काढीत, कड धरली की क्षणभर मार लागत नसे. आयोजकांना कड किती वेळा धरावी यावर मर्यादा घालावी लागली, आणि 2014 च्या आवृत्तीत लागोपाठ दुसऱ्यांदा कड धरणाऱ्याचे ते संरक्षणच काढून घेण्यात आले. आपल्या प्रो कबड्डीतली ‘करा किंवा मरा’ चढाई याहून निराळी नाही. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणा, नाहीतर बाद व्हा! भित्र्या खेळावर उपदेशाचा उपयोग होत नाही, नियमाचा होतो.

मित्रहो, येथवर केवळ खेळाची चर्चा झाली. पण मला हा विषय महत्त्वाचा वाटतो तो एका वेगळ्याच कारणाने. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिला. माझ्यासारखे या वर्गांत पुष्कळ आहेत. आम्हांला घरून एकच जीव मिळालेला असतो. एक वर्ष वाया गेले तर दुसऱ्या वर्षाची फी कोठून आणायची, हा प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर बहुधा गावाकडे परत चला हेच असते. ज्याच्या घरी शिकण्याची परंपरा आहे, तो पडला तरी पुन्हा मैदानात येतो. तो वेळेच्या नियमाने खेळतो, आम्ही जिवांच्या. मग आम्ही कोपरा धरतो. सोपा विषय निवडतो, मार्गदर्शक पाठ करतो, वर्गात शंका आली तरी हात वर करीत नाही. प्राध्यापकांना वाटते, या मुलांना जिज्ञासा नाही. गुरुजनहो, जिज्ञासा आहे. पण एक जीव असलेला गडी चढाईला जात नाही!

म्हणून माझ्या दोन नम्र सूचना आहेत. पुढील स्नेहसंमेलनात या खेळांची स्पर्धा ठेवलीच, तर पहिल्या फेऱ्या चौघांच्या आणि ‘पाडल्यास दोन, पडल्यास उणे एक’ या नियमाने व्हाव्यात. जिवांचा नियम फक्त दोघांच्या अंतिम लढतीला लावावा. दुसरी सूचना वर्गासाठी. अंतर्गत मूल्यमापनाचे थोडे गुण विचारलेल्या प्रश्नाला आणि केलेल्या प्रयत्नाला असावेत, आणि चुकलेल्या उत्तराचा एकही गुण जाऊ नये. परीक्षा कडक असावी, त्याबद्दल तक्रार नाही. अंतिम लढत कडकच हवी. पण सरावाच्या मैदानात पडण्याची किंमत इतकी जबर नसावी की कोणी उतरूच नये.

गुण कशाला द्यायचे, हे ठरवणे ज्यांच्या हाती आहे, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. लपणाऱ्याला आणि लढणाऱ्याला सारखेच गुण मिळत असतील, तर वर्ग शांत राहील, शिस्तीत राहील. पण त्या शांततेला विद्या म्हणता येणार नाही.