मिस्साची वेळ आणि बसची वेळ



धर्मग्रामाने मिस्साची, सभेची आणि मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाची वेळ ठरवताना आधी बसचे वेळापत्रक पाहावे, असे आमचे मत आहे. ऐकायला गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण माणूस चर्चला कशाने येतो, हे त्याच्या हौसेपेक्षा आपण ठेवलेल्या वेळेवर अधिक ठरते. मिस्सा सकाळी सातला आणि गावाहून पहिली बस आठला, मग खकनारकडच्या किंवा धुलकोटकडच्या माणसाने काय करावे? मोटारसायकल असली तर तिघे-चौघे तिच्यावर बसतात. नसली तर शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली जाते, आणि घरातली म्हातारी माणसे घरीच राहतात.

या ट्रॉलीविषयी आधी बोलले पाहिजे. शेजारच्या खंडवा जिल्ह्यात, पंधाना भागात, २ ऑक्टोबर २०२५ रोजी दुर्गादेवीच्या विसर्जनाला निघालेली ट्रॅक्टर-ट्रॉली पाण्यात गेली आणि ११ जण बुडाले. त्यांत बहुतेक लहान मुले होती. त्याआधी १ ऑक्टोबर २०२२ रोजी कानपूरजवळ घाटमपूर भागात देवदर्शनाहून परतणारी ट्रॉली अशीच तळ्यात उलटली आणि पंचवीसहून अधिक माणसे गेली. ही माणसे आपल्यासारखीच शेतकरी कुटुंबांतली, सणाच्या आनंदात निघालेली. आपणही नाताळला, लग्नाला, यात्रेला तसेच निघतो. ट्रॉली केळीचे घड, खत आणि ऊस वाहण्यासाठी बनवलेली असते. तिला बसायला जागा नाही, धरायला दांडी नाही, आणि उतारावर किंवा वळणावर भार एका बाजूला गेला की ती उलटते. शेतीकामासाठी विमा उतरवलेल्या ट्रॅक्टरवर माणसे नेली आणि अपघात झाला, तर त्यांना विम्याची भरपाई सहसा मिळत नाही, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. आमच्या मते चर्चच्या कोणत्याही कार्यक्रमाला ट्रॉलीतून माणसे आणू नयेत, हा नियम धर्मग्रामाने करावा आणि पाळावा.

आता मोटारसायकल. चर्चपासून १५ किलोमीटरवरचे गाव धरू. जाऊन-येऊन ३० किलोमीटर, वर्षाचे ५२ रविवार, म्हणजे १,५६० किलोमीटर. लिटरला ५० किलोमीटर जाते असे मानले तर सुमारे ३१ लिटर पेट्रोल लागले. आजच्या भावाने हे तीन हजारांच्या वर जाते. खरे सांगायचे तर नवराबायको दोघे एका गाडीवर आले तर हा खर्च बसच्या दोन तिकिटांहून कमीच भरेल, त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. घर अडचणीत येते ते दुसऱ्या आणि तिसऱ्या गाडीने. गाडी हप्त्यावर मिळते, केळीचा पैसा मात्र हप्त्याने येत नाही. वैशाखातल्या वाऱ्याने बाग आडवी होते, ऐन कापणीत भाव पडतो, तरी ठरल्या तारखेला हप्ता भरावाच लागतो. आणि ज्या उन्हाने बागेची पाने होरपळतात, त्या वाढत्या उन्हाला आपल्या गाड्यांच्या धुराचाही हातभार आहे. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. कारखाने आणि शहरे याहून कितीतरी अधिक धूर सोडतात हे खरे, पण म्हणून आपला धूर धूर राहत नाही असे नाही.

मुलाच्या हाती गाडी देणे ही तर वेगळीच गोष्ट. मध्य प्रदेश सरकार दुसऱ्या गावच्या शाळेत जाणाऱ्या सहावी आणि नववीच्या मुलामुलींना सायकल देते. दोन-तीन वर्षांत मुलाला मिसरूड फुटते आणि ती सायकल गोठ्यात गंजत पडते. परवान्याचे वय १८ आहे. २०१९ साली सुधारलेल्या मोटार कायद्यानुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बापाने कौतुकाने किल्ली दिली तरी कायदा कौतुक पाहत नाही.

बस मिळत नाही ही तक्रार खोटी नव्हे. आपल्या राज्याचे सरकारी परिवहन निगम २००५ साली बंद करण्याचे ठरले आणि खेड्यांचा कारभार खासगी बसवाल्यांच्या मर्जीवर गेला. एप्रिल २०२५ मध्ये सरकारने नवी प्रवासी बससेवा उभारण्यास मंजुरी दिली आहे. कोणत्या गावाला किती फेऱ्या हव्यात, हे मागितल्याशिवाय कोणी देणार नाही. तेव्हा ग्रामसभेत ठराव करून अर्ज द्यावेत. त्यात ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान सगळ्यांच्या सह्या असाव्यात, कारण बस सगळ्यांचीच आहे. रेल्वेच्या बाबतीत आपण भाग्यवान. मुंबई-जबलपूर लोहमार्ग १८७० सालीच पूर्ण झाला आणि बऱ्हाणपूर त्याच्यावर आहे. नेपानगर, खंडवा, रावेर, भुसावळ या बाजूंना जायचे असेल तर इंदूर-इच्छापूर रस्त्यावरच्या ट्रकांच्या गर्दीत दुचाकी घालण्यापेक्षा लालबागच्या स्टेशनावर जाऊन गाडीची वाट पाहिलेली बरी.

आजाऱ्याला किंवा बाळंतिणीला नेताना मात्र वाहनाचा संकोच करू नये. १०८ वर फोन करावा.

आरोग्याचे म्हणाल तर आठवड्याला एकंदर १५० मिनिटे झपझप चालावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कोस-दीड कोसावरच्या शेतात पायी किंवा सायकलने जाणाऱ्याला हे वेगळे करावे लागत नाही. उलट डिझेलचा धूर कर्करोग घडवतो, असे याच संघटनेच्या कर्करोग संशोधन विभागाने २०१२ साली जाहीर केले. चारा किंवा शेणखत जवळच्या शेतात न्यायचे असेल आणि घरी बैलजोडी असेल, तर ट्रॅक्टर कशाला सुरू करावा? बैल खताची सोयही करतात.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात बस-रेल्वेने प्रवास करणे आणि एका वाहनातून अनेकांनी मिळून जाणे, ही सृष्टीची काळजी घेण्याची रोजची साधी कामे म्हणून सांगितली आहेत. ते पत्र ख्रिस्तसभेलाही उद्देशून आहे, केवळ शेतकऱ्याला नव्हे. म्हणून फादरांना आमची विनंती अशी, रागावू नये. एका गावातून पन्नास माणसे वीस गाड्यांवर शहरात येण्यापेक्षा महिन्यातून एका रविवारी फादरांनीच त्या गावी जाऊन कोणाच्या अंगणात मिस्सा अर्पण करावी. वीस गाड्यांचे काम एका गाडीत होईल आणि अंथरुणाला खिळलेल्यांनाही ख्रिस्तप्रसाद मिळेल. मुख्य चर्चमधली रविवारची मिस्सा पहिली बस पोचल्यावर अर्ध्या तासाने ठेवावी. परतीच्या बसआधी सूचना संपवाव्यात, आपल्याकडे सूचनाच फार लांबतात. आवारात मोटारींना सावली आहे तशी सायकलींनाही एक पत्र्याची शेड असावी.

नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला बस नसते. त्यासाठी नोव्हेंबर संपण्यापूर्वी प्रत्येक गावाने किती माणसे येणार ती मोजावीत, वर्गणी काढावी आणि दोन-तीन गावे मिळून एक परवान्याची बस ठरवावी. थंडीत ट्रॉलीत कुडकुडणाऱ्या लेकरांसाठी माणशी थोडे पैसे अधिक पडले तरी चालतील. नावे गावच्या प्रमुखाकडे द्यावीत, आणि शेवटच्या आठवड्यात धावपळ करू नये, कारण त्या दिवसांत बसवाले भाव चढवतात.