हरण्याचा हक्क

नवी मुंबईच्या मैदानावर २ नोव्हेंबर २०२५ रोजीं भारतीय महिला क्रिकेट संघानें दक्षिण आफ्रिकेचा ५२ धावांनीं पराभव करून विश्वचषक जिंकला, तेव्हां आमच्या सुशिक्षित मध्यम वर्गाच्या आनंदास उधाण आलें. 'आपल्या मुलींनीं नांव काढलें' हें वाक्य घरोघर ऐकूं आलें. या आनंदांत आम्हीही वांटेकरी आहों. परंतु 'आपल्या मुली' या शब्दांपाशीं आम्ही अडखळतों. ज्या घरांतून हा उद्गार निघाला, त्यांपैकीं किती घरांतील मुलगी रोज सायंकाळीं मैदानावर असते ?

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे : आपल्या समाजानें मुलींना जिंकण्याची परवानगी दिली आहे, हरण्याची अजून दिलेली नाहीं. आणि जिला हरण्याची मोकळीक नाहीं, तिला खेळण्याची मोकळीक आहे असें मानणें ही शुद्ध आत्मवंचना होय.

मुलाचें उदाहरण घ्या. तो दहा वर्षें गल्लींत क्रिकेट खेळतो, शेजाऱ्यांच्या कांचा फोडतो, शाळेच्या संघांत त्याची एकदांही निवड होत नाहीं. तरी त्याच्या खेळण्याचा कोणी हिशेब मागत नाहीं. मुलीची गोष्ट निराळी. ती आठवी-नववींत गेली कीं चौकशी सुरू होते. जिल्ह्याच्या संघांत निवड झाली का ? राज्यस्पर्धेंत क्रमांक आला का ? नसेल तर आतां पुरे. दहावीचें वर्ष तोंडावर आलें. म्हणजे मुलाला खेळ हा जन्मसिद्ध हक्क, आणि मुलीला तें पदकाच्या तारणावर दिलेलें कर्ज ! हप्ता चुकला कीं जप्ती ठरलेली.

या न्यायानें पाहिल्यास ज्यांचा आज आपण गौरव करतों, त्यांची परंपरा निर्माणच झाली नसती. १९५२ सालीं हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्यें नीलिमा घोष व मेरी डिसोझा धावल्या, आरती साहा व डॉली नाझीर पोहल्या. चौघींपैकीं एकीलाही प्राथमिक फेरीपलीकडे जातां आलें नाहीं. त्याच आरती साहांनीं पुढें १९५९ सालीं इंग्लिश खाडी पोहून पार केली. १९८४ सालीं लॉस एंजेलिस येथें पी. टी. उषा यांचें पदक सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यानें हुकलें. भारतीय स्त्रीच्या गळ्यांत पहिलें ऑलिंपिक पदक पडलें तें २००० सालीं, सिडनी येथें, कर्णम मल्लेश्वरी यांच्या. हेलसिंकीपासून सिडनीपर्यंत अठ्ठेचाळीस वर्षें लागलीं, आणि हीं सारीं वर्षें हरणाऱ्या स्त्रियांनींच भरून काढलीं. क्रिकेटचीही तीच कथा. १९७८ सालीं आपला संघ प्रथम विश्वचषकास उतरला. २००५ व २०१७ सालीं अंतिम सामन्यांत हरला. आणि २०२५ च्या याच स्पर्धेंत आरंभीच्या फेरींत लागोपाठ तीन सामने गमावून मग विजयी झाला.

सातारा जिल्ह्यांतील दुष्काळी माण तालुक्यांतल्या मोही गांवच्या ललिता बाबर २०१६ सालीं रिओ येथें तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरींत पोंचल्या. उषांच्या नंतर बत्तीस वर्षांनीं धावण्याच्या शर्यतींत हा मान भारतीय स्त्रीस लाभला. त्यांचा क्रमांक दहावा आला. जगांत दहावी ! पण पदक नाहीं म्हणून आपल्या दिवाणखान्यांत त्याची वार्ता टिकली किती दिवस ?

कोणी म्हणतील कीं, स्त्रीच्या देहाला हे श्रम सोसत नाहींत. हा आक्षेप जुनाच आहे. १९२८ सालीं ॲमस्टरडॅम येथें आठशे मीटरच्या शर्यतीनंतर कांहीं धावपटू दमलेल्या दिसल्या, त्याचा वृत्तपत्रांनीं अतिरंजित गवगवा केला, आणि ती शर्यत १९६० पर्यंत ऑलिंपिकमधून स्त्रियांना बंद झाली. पुरुष दमून कोसळला तर तो पराक्रम. स्त्री दमली तर तो निसर्गाचा कौल! पुढें १९८४ पासून स्त्रिया त्याच ऑलिंपिकमध्यें मॅरेथॉन धावूं लागल्या, आणि निसर्गानें कांहींच हरकत घेतली नाहीं.

दुसरे म्हणतील, काळ वाईट आहे. ही भीति खोटी नाहीं. २०२३ सालीं नामांकित महिला कुस्तीगीरांना लैंगिक छळाच्या तक्रारीची दाद मागण्यासाठीं दिल्लीच्या जंतरमंतरवर बसावें लागलें. पण यावरून निष्कर्ष काय काढावयाचा ? क्रीडासंस्थांचा कारभार सुधारा, तक्रार ऐकणाऱ्या समित्या नेमा, मैदानावर दिवे लावा, पालकांनीं स्वतः जाऊन लक्ष ठेवा. हें सारें सोडून मुलीलाच घरीं बसविणें म्हणजे चोराला मोकळें सोडून धन्याला कोंडणें होय.

तिसरे व्यवहारी गृहस्थ विचारतात, खेळून पोट भरतें काय ? आम्ही त्यांना उलट विचारतों, गणित शिकणारा प्रत्येक मुलगा रामानुजन् व्हावा, अशी अट आपण घालतों काय ? गणितानें बुद्धीला वळण लागतें म्हणून तें शिकवावयाचें. खेळानें शरीर बळकट होतें, आणि हार पचवून दुसऱ्या दिवशीं पुन्हां उभें राहण्याची संवय लागते. परीक्षा, नोकरी, संसार यांत ही संवय मुलींना लागणार नाहीं, असें कोणाचें म्हणणें आहे काय ?

विजयी स्त्रियांचे सत्कार अवश्य करा. परंतु त्यांच्या विजयाचें श्रेय स्वतःच्या पदरांत पाडून घेण्यापूर्वीं आपल्या घरांतल्या त्या मुलीकडे पाहा, जिला कधींच पदक मिळणार नाहीं आणि तरीही जिला खेळावेंसें वाटतें. सायंकाळचा एक तास तिचा आहे. तो तिला बिनशर्त द्या. सामना हरून ती घरीं आली तर उपदेश नको, सांत्वनही नको. उद्यां किती वाजतां जायचें, एवढेंच विचारा.