परदेशी दत्तक आणि कागदांची दिरंगाई

माटुंग्याच्या श्रद्धानंद महिलाश्रमासारख्या संस्थांनी मुंबईतील निराधार बालकांना अनेक दशके आसरा दिला आहे. अशा एखाद्या संस्थेतील मुलाचे छायाचित्र परदेशातील दांपत्याने पाहिले, वैद्यकीय अहवाल वाचला आणि आपली संमती लेखी कळविली, म्हणजे मूल त्यांचे झाले, असे गिरगाव-परळमधील सामान्य वाचकास वाटेल. वस्तुतः तेथून एका नव्या प्रतीक्षेस आरंभ होतो. ना-हरकत प्रमाणपत्र, दत्तक आदेश, त्याची प्रमाणित प्रत, नवा जन्मदाखला, पासपोर्ट, व्हिसा अशी ही मालिका आहे. एक कागद हाती पडल्याखेरीज बहुधा दुसऱ्यासाठी अर्जही करता येत नाही.

हे सारे कागद निरर्थक आहेत काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. 1956 चा दत्तक कायदा हिंदूंपुरताच असल्याने परदेशी दांपत्ये 1890 च्या पालकत्व कायद्याखाली मुलाचे पालक म्हणून नेमणूक करून घेत आणि दत्तकविधान मायदेशी उरकीत. या व्यवहारावर अंकुश हवा, हे मुंबई उच्च न्यायालयाने लवकर ओळखले. परदेशी व्यक्तीच्या अर्जाची सूचना भारतीय समाजकल्याण परिषदेस द्यावी, असा नियम त्याने 1972 मध्येच केला. पुढे लक्ष्मीकांत पांडे या वकिलांच्या पत्राची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये सविस्तर निर्बंध घालून दिले. ते निकालपत्र न्या. भगवती यांचे होते. 1990 मध्ये केंद्रीय दत्तक यंत्रणा स्थापन झाली आणि 2003 मध्ये भारताने हेग येथील आंतरराष्ट्रीय करारास मान्यता दिली.

या सावधगिरीमागील भय काल्पनिक नव्हते. दक्षिण कोरियातील अधिकृत आयोगाने 2025 मध्ये जे निष्कर्ष मांडले ते बोलके आहेत. आईबाप हयात असलेल्या मुलांची अनाथ म्हणून नोंद करून त्यांना परदेशी धाडल्याची प्रकरणे त्यात उघड झाली. ही मुले प्रौढ झाल्यावर आपले मूळ शोधू लागली, तेव्हा हाती आला तो खोटा कागद. तान्ह्या मुलास स्वतःची हकीकत सांगता येत नाही. कागद हाच त्याचा साक्षीदार. तेव्हा छाननी सैल करा, असे कोणीही शहाणा मनुष्य म्हणणार नाही.

परंतु छाननीचा काळ आणि फाइल पडून राहण्याचा काळ या दोन भिन्न गोष्टी आहेत. जन्मदात्या आईस फेरविचारासाठी कायद्याने दिलेले दोन महिने हे छाननीत मोडतात. भारतात पालक मिळण्यासाठी राखून ठेवलेले साठ दिवसही सकारण आहेत. त्या काळात मुलाच्या हिताचे काही घडत असते. याउलट एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाण्यास फाइलीला महिनोन् महिने लागतात, तेव्हा कोणाचेच संरक्षण होत नाही. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर, विलंब करणाऱ्यास त्याची किंमत मोजावी लागत नाही, म्हणून विलंब स्वस्त होतो. किंमत मोजते ते मूल. परदेशी जाणाऱ्यांत थोराड वयाची, भावंडांसह असलेली वा विशेष वैद्यकीय गरजा असलेली मुले बरीच असतात. त्यांच्यासाठी सहा महिने म्हणजे लांबलेली शस्त्रक्रिया वा बुडालेले शाळेचे वर्ष असू शकते.

अर्ज दोन महिन्यांत निकालात काढावा, असे 2015 चा बालन्याय कायदा सांगतो. या कायद्यात दुरुस्ती होऊन 1 सप्टेंबर 2022 पासून आदेशाचा अधिकार न्यायालयाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला. हेतू गतीचा होता; परंतु निम्म्या वाटेवर असलेल्या प्रकरणांचे काय, हा प्रश्न उभा राहिला. अखेर जानेवारी 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयास, प्रलंबित प्रकरणे जिल्हाधिकाऱ्यांकडे वर्ग करू नयेत, असा अंतरिम आदेश द्यावा लागला. सही कोणाची, हा वाद चालू असताना मुलांची वये मात्र वाढत होती.

2024-25 मध्ये देशात 4,515 दत्तकविधाने झाली. त्यांपैकी 4,155 देशांतर्गत होती. म्हणजे परदेशी दत्तकांची संख्या अवघी 360. संपूर्ण देशाच्या प्रशासनास एवढ्या फाइलींचा हिशेब ठेवणे अशक्य आहे, असे कोण म्हणेल? प्रत्येक कार्यालयाने फाइल आल्याची व गेल्याची तारीख नोंदवावी. मुदत उलटल्यास कारण लेखी द्यावे आणि सरासरी विलंब दरमहा जाहीर करावा. परस्परांवर अवलंबून नसलेली कामे एकाच वेळी सुरू करावीत. कायदा बदलला, तर चालू प्रकरणे जुन्याच वाटेने पूर्ण होऊ द्यावीत. यास नवा निधी फारसा लागणार नाही. लागेल तो हिशेबीपणा.

मुलाच्या जन्माविषयीचा प्रत्येक कागद जपून ठेवला पाहिजे, कारण उद्या ते मूल तो मागावयास येईल. त्या वेळी हा कागद माझ्यासाठी तपासला जात होता की नुसताच पडून होता, असे त्याने विचारले, तर त्याच्या तारखांतूनच उत्तर मिळाले पाहिजे.