फ्रेंच शिकायची, तर अर्धवट नको

पदवीला फ्रेंच घेते म्हटलं की घरात पहिला प्रश्न येतो, 'उपयोग काय?' मुलगी असेल तर लगेच दुसरा, 'तिकडे हिजाब काढायला लावतात ना?'

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. भाषांतर, पर्यटन, आमच्या सॉफ्टवेअर कंपन्या, सगळीकडे फ्रेंच जाणणारे लागतात. दुसऱ्यावर मात्र थांबायला हवं. फ्रान्सचा २००४ चा कायदा सरकारी शाळांतल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. विद्यापीठात शिकणाऱ्या मुलीला तो लागू नाही. ती हिजाब घालून वर्गात बसू शकते. २०२३ ची अबायाबंदीही शाळांपुरतीच. सरकारी शिक्षिका म्हणून नोकरी करायची तर नियम वेगळा, तिथे मनाई आहेच. एवढा फरक व्हॉट्सॲपच्या फॉरवर्डमध्ये मावत नाही, आणि तेवढ्यावरून मुलींचे प्रवेश अडतात.

'लाइसिते' या शब्दाला आपण पटकन 'धर्मनिरपेक्षता' म्हणून मोकळे होतो. पण शासन आणि चर्च वेगळं करणाऱ्या १९०५ च्या कायद्यामागे कॅथलिक चर्चशी चाललेलं दीर्घ भांडण आहे. आपल्या संविधानातल्या शब्दाची जन्मकथा निराळी. ते भांडण वाचल्याशिवाय आजच्या बंदीवर केलेली टीका लंगडी पडते. आणि टीका करायला जागा भरपूर आहे.

१८२६ मध्ये इजिप्तच्या मुहम्मद अलीने पॅरिसला विद्यार्थी पाठवले. त्यांच्यासोबत अल-अझहरमध्ये शिकलेला रिफाअ अल-तहतावी इमाम म्हणून गेला. काम नमाज पढवण्याचं, पण या गड्याने फ्रेंच शिकून फ्रान्सची घटनात्मक सनदच अरबीत आणली. कॅफे, नाटकं, वर्तमानपत्रं, जे पाहिलं ते लिहिलं. पटलं ते आणि न पटलं तेही. १८३५ मध्ये कैरोत भाषांची शाळा निघाली, ती त्याच्याच पुढाकाराने. जवळचं नाव हवं तर डॉ. मुहम्मद हमीदुल्लाह. मराठवाडा ज्या संस्थानात होता, त्या हैदराबादचे. सॉर्बोनची डॉक्टरेट घेतली आणि १९५९ मध्ये कुरआनचा फ्रेंच अनुवाद दिला.

शिवाय ही भाषा एकट्या पॅरिसची नाही. सेनेगल, माली, अल्जेरिया, मोरोक्को इथल्या मुसलमानांनी तिच्यात कादंबऱ्या लिहिल्या, भांडणंही केली. अल्जेरियावर फ्रान्सने १३२ वर्षं राज्य केलं. तिथल्याच आसिया जेबार २००५ मध्ये फ्रेंच अकादमीवर निवडून आल्या. त्यांनी लिहिलं ते आपल्याकडच्या बायकांचं, राज्यकर्त्यांच्या भाषेत.

म्हणून प्रवेशाआधी अभ्यासक्रम मागून घ्या. नुसतं व्याकरण आणि व्यावसायिक पत्रलेखन असेल तर ते बाहेरच्या क्लासमध्येही होतं. इतिहासाचा पेपर आहे का, आफ्रिकेतले लेखक आहेत का, बघा. नसतील तर विभागप्रमुखांना लेखी विनंती करा, चारपाच जणांच्या सह्यांनिशी.