मूत्राशयातली गाठ

पाइपात काही अडकलं तर आधी उघडून बघावं, एवढं आम्हां इंजिनीअर मंडळींना कळतं. पण मनामातल्या आमच्या शेजारच्या वहिनी, लघवीला अडखळत असूनही, "सुट्टीत पुण्याला दाखवू" म्हणत चार महिने गप्प! शेवटी इथेच सोनोग्राफी केली. मूत्राशयात गाठ. आम्ही सगळ्यांनी मनात कॅन्सरच धरला.

डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं. वरचं अस्तर गुळगुळीत, गाठ खालच्या स्नायूत. मग एमआरआय, तुकड्याची तपासणी. निघाला लायोमायोमा, स्नायूची साधी गाठ. गर्भाशयात नेहमी आढळते तीच जात. मूत्राशयात मात्र विरळा, तिथल्या सगळ्या गाठींत अर्ध्या टक्क्याहूनही कमी. लहान असेल तर मूत्रमार्गातूनच खरवडून काढतात. मोठी किंवा खोल असेल तर पोटावाटे शस्त्रक्रिया, तीही बहुधा मूत्राशय राखूनच. वहिनींची मूत्रमार्गातूनच निघाली.

लघवी करताना छातीत धडधडतं, डोकं ठणकतं, घाम फुटतो? तर डॉक्टरांना आधीच सांगा हं. ती पॅरागँग्लिओमा नावाची वेगळी गाठ असू शकते. तिला हात लावताच रक्तदाब भडकतो, म्हणून आधी काही दिवस औषधं, मगच शस्त्रक्रिया. आणि लघवीतून रक्त गेलं तर सुट्टीची वाट कसली बघता?

वहिनींचं पुण्याचं तिकीट तसंच आहे. आता म्हणे फक्त आंबे खायला जाणार.